ऑलिव्ह तेलाची तपासणी शिकताना : नागपुरातील एका प्रयोगशाळेतील अनुभव

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी नागपुरातल्या एका खासगी अन्न तपासणी प्रयोगशाळेत रुजू झाले. तेलांच्या अभ्यासाची या शहराला जुनी परंपरा आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभ्या राहिलेल्या तंत्रशास्त्र संस्थेत तेल तंत्रज्ञान शिकवले जाते, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक नमुने जवस, सरकी, शेंगदाणा व सोयाबीन यांच्या तेलांचे असत. त्यामुळे एका ग्राहकाने ऑलिव्ह तेलाच्या तीन बाटल्या पाठवल्या, तेव्हा ते काम आपणहून मागून घेतले. त्यांतली एक एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे फळे नुसती पिळून, रसायनांशिवाय काढलेल्या तेलाची, दुसरी रिफाइंड, म्हणजे शुद्धीकरण केलेल्या तेलाची, आणि तिसरी पोमेस, म्हणजे फळे पिळल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावकाने काढलेल्या तेलाची होती.

या तेलाविषयी आरोग्याचे जे दावे केले जातात, ते आधी नीट समजून घेतले पाहिजेत, कारण काय मोजायचे हे त्यावरूनच ठरते. ऑलिव्ह तेलातील मेदाम्लांपैकी साधारण ५५ ते ८३ टक्के वाटा ओलिक आम्लाचा असतो. आहारातील संपृक्त मेदाच्या जागी असे तेल घेतले, तर रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. मात्र ‘जागी’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण १०० ग्रॅम तेलात ८८४ किलोकॅलरी असतात आणि नेहमीच्या तेलावर हे तेल वरून ओतले, तर उष्मांक तेवढे वाढतात. स्पेनमधील प्रेडिमेड अभ्यासात ७,४४७ लोक सहभागी होते. भूमध्यसागरी आहारासोबत एक्स्ट्रा व्हर्जिन तेल घेणाऱ्या गटात हृदयविकार, पक्षाघात अशा घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळल्या. २०१३ मधला तो शोधनिबंध काही केंद्रांवरील यादृच्छिक गटवाटपातील त्रुटींमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये नव्या विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध करण्यात आला. निष्कर्षाची दिशा तीच राहिली. नवागतांनी या दोन्ही तारखा लक्षात ठेवाव्यात, असे मला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात मी मुक्त आम्लतेपासून, म्हणजे तेलातील सुट्या मेदाम्लांच्या प्रमाणापासून केली. एक्स्ट्रा व्हर्जिनसाठी ती ओलिक आम्लाच्या हिशेबात ०.८ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. १० ग्रॅम तेल आणि ०.१ नॉर्मल अल्कली घेतली, तर ही मर्यादा ब्युरेटवर (थेंबाथेंबाने द्रव सोडणाऱ्या मापननळीवर) अवघ्या २.८४ मिलिलिटरला येते, म्हणून येथे एकेका थेंबाला किंमत आहे. पहिल्या दिवशी मी अल्कोहोल आधी उदासीन करून घेतले नाही. अल्कोहोलची स्वतःची आम्लता तेलाच्या खात्यावर जमा झाली आणि चांगले तेल माझ्या वहीत नापास ठरले. फिनॉल्फ्थॅलीन हा रंगदर्शक घालून गरम अल्कोहोलला फिकट गुलाबी छटा येईपर्यंत अल्कली घालणे, ही पायरी तेव्हापासून माझ्या हातून कधीही सुटली नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडली. पेरॉक्साइड मूल्य म्हणजे तेलाचे ऑक्सिडीकरण कितपत सुरू झाले आहे याचे माप. त्याच्या चाचणीत तेल ॲसिटिक आम्ल व क्लोरोफॉर्मच्या मिश्रणात विरघळवून त्यात पोटॅशियम आयोडाइड घालतात आणि सुटलेले आयोडीन थायोसल्फेटने मोजतात; स्टार्चचा निळा रंग नाहीसा झाला की टायट्रेशन संपते. मर्यादा किलोमागे २० मिलिइक्विव्हॅलंट. मे महिना होता, आणि मी अर्धी रिकामी झालेली पारदर्शक बाटली आठवडाभर खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली होती. आकडा मर्यादेच्या पार गेला. कपाटात ठेवलेल्या, त्याच बॅचच्या सीलबंद बाटलीतील तेल मात्र व्यवस्थित उत्तीर्ण झाले. एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाला हिरवट छटा देणारे क्लोरोफिल प्रकाशात ऑक्सिडीकरणाला चालना देते, हे पुस्तकात वाचले होते. नागपूरच्या उन्हाने ते डोळ्यांसमोर दाखवले. नमुना आला की गडद बाटलीत, काठोकाठ भरून, थंड जागी ठेवावा आणि पेरॉक्साइडची चाचणी सर्वांत आधी करावी.

आयोडीन मूल्य, म्हणजे तेलाच्या असंपृक्ततेचे माप, समजायला जवस उपयोगी पडला. ऑलिव्हचे मूल्य ७५ ते ९४ च्या दरम्यान, तर जवसाचे १७० च्या वर. जवसातील मेदाम्लांचा निम्म्याच्या आसपास भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि ऑलिव्हमध्ये ते १ टक्क्याच्या आतच असावे लागते. म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मेदाम्लांचे मिथिल एस्टर तपासताना मी लिनोलेनिकचे शिखर विशेष लक्ष देऊन पाहते. ते मोठे दिसले, तर सोयाबीनसारख्या तेलाच्या भेसळीची शंका घ्यावी लागते.

मात्र मेदाम्लांच्या आलेखावर आमच्या तीनही बाटल्या जवळजवळ सारख्याच दिसल्या. रिफाइनिंगमध्ये ओलिक आम्ल टिकते. जातात ती पॉलिफेनॉल्स. चांगल्या तेलाचा कडवटपणा आणि घशाला लागणारा ठसका त्यांच्यामुळेच असतो. मिथेनॉल-पाण्याने तेलातून ती वेगळी काढून फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक घातला, तेव्हा एक्स्ट्रा व्हर्जिनची नळी गडद निळी झाली आणि इतर दोन जेमतेम रंगल्या. तीन तेलांमधला फरक मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने दिसला.

ग्राहकाला मात्र या आकड्यावरून लेबलवर आरोग्याचा दावा छापायचा होता. युरोपीय संघाचा २०१२ चा नियम असा दावा मान्य करतो तो २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉल हे पॉलिफेनॉल व त्याची साधिते (त्यापासून बनलेली संयुगे) किमान ५ मिलिग्रॅम असतील तरच. फोलिन पद्धत सगळ्या फेनॉल्सची बेरीज गॅलिक आम्लाच्या हिशेबात देते; कोणते फेनॉल किती, हे ती सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे द्रावणातील घटक एकेक वेगळे करून मोजणारी क्रोमॅटोग्राफीच, करावी लागते. मी अहवालात ‘एकूण फेनॉल्स, गॅलिक आम्लाच्या तुल्य प्रमाणात’ असे स्पष्ट लिहिले, हा आकडा त्या दाव्यासाठी वापरता येणार नाही अशी ओळ खाली जोडली, आणि नमुन्याचा उरलेला भाग एचपीएलसीसाठी गडद बाटलीत भरून ठेवला.