टेक्सासमध्ये रात्री कायोटी मारायचाय? थर्मलच्या आधी वारा शिका

ऑफिसातल्या मराठी मंडळींना कळलं की मी हिवाळ्यात सॅन अँजेलोकडे एका शेळ्या-मेंढ्यावाल्या आजोबांच्या रँचवर कायोटीला बसायला जातो, की पहिला प्रश्न ठरलेला, थर्मल (अंधारात उष्णता दाखवणारी दुर्बीण) कुठला घेऊ. अरे थांबा, थर्मल नंतर, आधी थोडं बाकीचं बघू.

कायोटी म्हणजे आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधलं प्रकरण, वजन साधारण १० ते १८ किलो, आणि डोकं कोल्ह्याचंच. कोल्हा काकडीला राजी म्हणतात ना, हा तर कलिंगडाच्या शेतात शिरून कलिंगडं फोडून खातो. पण रँचवाल्याचं दुखणं काकडी-कलिंगड नाही, कोकरं आणि करडं. टेक्सासमध्ये हा नॉन-गेम प्राणी, म्हणजे सीझन नाही, संख्येची मर्यादा नाही, खाजगी जमिनीवर मालकाने हो म्हटलं की रात्रीही चालतं. हंटिंग लायसन्स मात्र काढा, आणि २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. एच-१बी वाल्यांनी नीट वाचा, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक हातात धरणंसुद्धा फेडरल गुन्हा आहे, वैध हंटिंग लायसन्स ही त्यातली एक सूट, तेव्हा मित्राची रायफल जरा बघतो असंही करू नका, आधी वकिलाला विचारा. निघण्यापूर्वी गेम वॉर्डन (शिकारीच्या नियमांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) आणि शेरीफ ऑफिसला फोन टाका, नाहीतर गोळीचा आवाज ऐकून कोणीतरी ९११ लावतं आणि रात्र त्यातच जाते.

आता वारा. कायोटी कानाने येतो पण खात्री नाकाने करतो. आपण वाजवलेला जखमी सशाचा आवाज ऐकला की सरळ धावत येईल असं नाही, तो लांबून वळसा घालून आवाजाच्या वाऱ्याखाली जाणार आणि वास घेणार. म्हणून मी वारा आडवा घेतो. समजा वारा डावीकडून उजवीकडे आहे, तर इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे प्राण्यांचे आवाज वाजवणारा रिमोटवरचा स्पीकर, समोर डाव्या अंगाला ५०-६० यार्डांवर ठेवायचा आणि समोर उजवीकडे मोकळं रान राहील असं बसायचं. म्हणजे तो वळसा घालताना त्या मोकळ्या पट्ट्यातून जातो, आणि आपला वास त्याला लागायच्या आत आपल्याला दिसतो. पहिल्या वर्षी मी वारा पाठीवर घेऊन बसायचो आणि कायोटीच नाहीत इथे म्हणून घरी यायचो, ते सगळे वास घेऊन केव्हाच पसार झालेले असायचे.

गाडी टेकाडाआड लावा, दार आपटू नका, टॉर्च नको, बोलणं तर नकोच. बसल्यावर आधी चहूकडे स्कॅन, मग आवाज. सुरुवात हळू आवाजाने करा, कारण जवळच कोणी बसलेला असेल तर मोठ्या आवाजाने बिचकून पळतो. मी आधी एक-दोन एकट्या कायोटीच्या कोल्हेकुया लावतो, दोन-तीन मिनिटं गप्प, मग सशाची किंचाळी. जानेवारी ते मार्च जोड्या जमायचा काळ, तेव्हा मादीची हाक चांगली चालते. ऑक्टोबर-नोव्हेंबरला तरुण पोरं घर सोडून भटकत असतात, ती सशाच्या आवाजाला लगेच फसतात, नवशिक्याने तेव्हाच सुरुवात करावी. एप्रिल-मे मध्ये बिळात पिल्लं असतात, मी जात नाही, ज्याचं त्याने ठरवावं. १५-२० मिनिटांत कोणी आलं नाही तर उठा आणि मैलभर पुढे जाऊन बसा.

बरं, थर्मल. हे उजेड वाढवत नाही, उष्णतेतला फरक दाखवतं, त्यामुळे ठार अंधारातही चालतं पण धुक्यात आणि पावसात चित्र पुसट होतं. काचेतूनही दिसत नाही, गाडीची खिडकी खाली करावी लागते. बजेट असेल तर ६४० पिक्सेल रुंदीचा सेन्सर घ्या, नाहीतर ३८४ वर भागतं, डिजिटल झूमला भुलू नका, तो नुसते ठोकळे मोठे करतो. आणि स्कॅनिंगला वेगळा मोनोक्युलर (एका डोळ्याने बघायची थर्मल दुर्बीण) घ्याच, कारण रायफलवरच्या स्कोपने इकडेतिकडे बघणं म्हणजे जे दिसेल त्याच्यावर, माणूस असला तरी, बंदूक रोखणं. झिरो करायला, म्हणजे स्कोपचा नेम गोळीशी जुळवायला, टार्गेटवर हँड वॉर्मर (हात शेकायची गरम पुडी) चिकटवा, साधा कागद थर्मलमध्ये धड दिसत नाही. आणि हौसेने हे यंत्र बॅगेत घालून भारतात नेऊ नका, त्याला एक्स्पोर्टचे नियम लागतात, आणि तिकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहेच.

जाहिरातीत १५०० यार्ड लिहिलेलं असतं ते फक्त काहीतरी गरम आहे एवढं कळण्याचं अंतर, ते काय आहे हे कळायला पुष्कळ जवळ यावं लागतं. एकदा दोनशे यार्डांवर एक पांढरा ठिपका झरझर आवाजाकडे येत होता, माझा सेफ्टी काढायला अंगठा गेलेला, आणि तो ठिपका थांबला आणि शेपूट वर करून हलवायला लागला. आजोबांचा राखणीचा ग्रेट पिरनीज कुत्रा! थर्मलमध्ये रंग नसतो, तेव्हा चाल बघा. कायोटीची शेपूट खाली लोंबलेली, पाय काटकुळे, कान टोकदार, दुडक्या चालीने येतो आणि मध्येच थांबून कानोसा घेतो. शंका आली की गोळी नाही, बस. रँचवर राखणीचे कुत्रे किती आणि रात्री कुठे असतात हे मालकाला आधीच विचारा. दिवसभर तापलेले दगड पण रात्री उशिरापर्यंत चमकतात, तारेचं कुंपण बऱ्याचदा दिसतच नाही, आणि मागे घर किंवा रस्ता असेल तर तेही अंधारात लक्षात येत नाही, म्हणून जागा दिवसा येऊन बघून ठेवायची.

तो थांबत नसेल तर तोंडानेच चुक-चुक असा आवाज काढा, क्षणभर थबकतो, तेव्हाच नेम. ट्रायपॉडवर रायफल असेल तर .२२३ च्या गोळीने दीडशे-दोनशे यार्ड जड नाही. पडल्यावर लगेच उठू नका, जखमी कुत्र्याच्या केकाटण्याचा आवाज लावा, बऱ्याचदा जोडीदार मागून येतो. उचलताना हातमोजे हवेतच, दक्षिण टेक्सासमध्ये १९८८ पासून कायोटींमध्ये रेबीजची मोठी साथ होती, १९९५ पासून विमानातून लस भरलेली आमिषं टाकून ती आटोक्यात आणली, पण पिसवा-गोचीड आहेतच. आणि निघताना कॉलर बंद करू नका, रिमोटवरून हळू आवाज चालू ठेवा, नाहीतर अंधारात गवतात तो शोधताना अर्धा तास जातो.