रविवारच्या बाजारात स्वस्त माल घेताना या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या दिवसांत संभाजीनगरच्या जाफर गेट बाजारात सीताफळांचे ढीग लागतात आणि दर वर्षी मला तोच प्रकार बघावा लागतो. नवा संसार मांडलेलं जोडपं येतं, भाव विचारतं आणि एकाही फळाला हात न लावता अख्खं कॅरेट उचलून नेतं. त्यांना थांबवावंसं वाटतं, कारण लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी हेच केलं होतं.

बाजार उठायची वेळ होती, भाव निम्म्यावर आला होता. वीस किलोचं कॅरेट रिक्षात घालून घरी आणलं. वरचा थर बघून खूश होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आंबूस वास. खालच्या थरातली पिकलेली फळं वरच्या वजनानं फुटली होती, रस कॅरेटच्या जाळीतून फरशीवर आला होता. घाबरून चांगली निवडून फ्रिजमध्ये ठेवली, तर त्यांच्या साली काळ्या पडल्या. वरच्या थरातली जी कडक, देखणी फळं होती ती आठ दिवसांनीही मऊ झाली नाहीत, नुसते गोटे झाले. सासूबाईंनी एकच विचारलं, "अगं, डोळे उघडलेत का, एवढं तरी बघायचं की नाही?"

सीताफळाची सगळी पारख या डोळ्यांत, म्हणजे सालीवरच्या फुगीर खवल्यांत आहे. दोन डोळ्यांमधली खाच रुंद होऊन पिवळट-पांढरी दिसायला लागली म्हणजे फळ झाडावरच तयार झालंय, ते घरी पिकणार. डोळे एकमेकांना घट्ट चिकटलेले आणि खाच हिरवीगार असेल तर ते कोवळं तोडलंय. ते फुकट दिलं तरी घेऊ नका. मी आता आजसाठी दोन मऊ, उद्यासाठी चार आणि परवासाठी चार कडक पण डोळे उघडलेली, अशी निवडून घेते. कडक फळं टोपल्यात एकाच थरात ठेवून वर पोतं टाकते. फ्रिजमध्ये जातो तो फक्त पिकलेल्या फळांचा बिया काढलेला गर. आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे म्हणून प्रत्येक गाड्यावरचं फळ बालाघाटच्या डोंगरातलं ठरत नाही. नाव ऐकून पैसे देऊ नका, फळ हातात घ्या.

दुसरी चूक उतावळेपणाची. मार्च संपत नाही तोच लोक "केशर आला का?" विचारत फिरतात. आपल्या मराठवाड्याचा केशर खरा उतरतो मे महिन्यात. त्याआधी पिवळाधमक दिसणारा आंबा कापला की आत आंबट निघतो. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे, इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो. पण मुळात कोवळा तोडलेला आंबा कशानंही पिकवला तरी गोड होत नाही. मी देठाजवळ वास घेते. वास नाही तर आंबा नाही. स्वस्तात हवाच असेल तर हंगामात हिरवा, कडक, देठाशी खळगा पडून खांदे वर आलेला आंबा घ्या आणि घरी गवतात आढी लावा. शंका असली तर बादलीभर पाण्यात टाका, पक्का तळाशी जातो, कोवळा तरंगतो. आढीला आठवडा लागतो. तेवढा धीर नसेल त्यानं पिकलेले चार आंबे घेऊन खावेत.

मोसंबी रंगावर घेऊ नका. हिरव्या सालीचीही गोड असते. हातात जड लागली पाहिजे.

हुरडा खायच्या दिवशीच घ्या, शिळा झाला की त्याची दुधाळ चव जाते.

मेथी-कोथिंबिरीची जुडी मधोमध उघडून बघा. पाणी मारलेली जुडी वरून टवटवीत आणि आतून काळी असते. घरी आणून धुवून ठेवू नका. निवडा, कोरड्या फडक्यात गुंडाळा.

वर्षाची लाल मिरची घेताना मूठभर कानाशी हलवा. खुळखुळली तर वाळलेली, नाहीतर तुम्ही पाण्याचं वजन विकत घेताय. काटा शून्यावर आहे का ते माल टाकायच्या आधी बघा, नंतर बोलून उपयोग नाही.

एक मात्र मला अजिबात सहन होत नाही. दिवे लागायच्या वेळी खेड्यातून आलेल्या आजीपुढे पालकाच्या चार जुड्या उरलेल्या असतात, तिला गावाची गाडी गाठायची असते, आणि समोरचा दोन रुपयांसाठी पाठ फिरवून निघाल्याचं दाखवतो. त्या चारही जुड्या मी तिच्या भावानं घेते आणि रात्री पातळ भाजी करते.