जाहिरातीच्या पैशाविना ब्राउझर: कोणता घ्यावा, कसा लावावा

ब्राउझर जाहिराती अडवतो म्हणजे तो जाहिरातीवर जगत नाही, असं नव्हे. वरच्या पट्टीत ‘लातूर सोयाबीन भाव’ टाइप केलं की शोध ज्या सर्च इंजिनकडे जातो, जाहिरातींवर कमावणारं तेच इंजिन बहुतेकदा ब्राउझरचा खर्च उचलतं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलशी असलेल्या अशाच करारातून येतं. ब्रेव्ह तर स्वतःच जाहिराती विकतो.

जाहिरातीशिवाय चालणारेही आहेत. टॉर ब्राउझर देणग्या आणि अनुदानांवर चालतो. २०२३ साली आलेल्या मलवाड ब्राउझरचा खर्च त्याच कंपनीच्या महिना ५ युरोच्या व्हीपीएनमधून (इंटरनेटवर आपला पत्ता झाकणारी सेवा) निघतो, तर लिब्रेवुल्फ स्वयंसेवक सांभाळतात. मात्र तिघांचाही मूळ कोड फायरफॉक्सचा. शेतं तीन, विहीर एक, आणि त्या विहिरीला पाणी गूगलचं! त्यामुळे पूर्ण सुटका आज तरी नाही.

फायरफॉक्सच ठेवायचा असेल तर सेटिंग्जमध्ये ‘होम’खालचे स्पॉन्सर्ड शॉर्टकट आणि स्पॉन्सर्ड स्टोरीज बंद करा. ‘सर्च’मध्ये प्रायोजकांच्या सूचनांची खूण काढा आणि डीफॉल्ट सर्च इंजिन बदला. दोन मिनिटांचं काम आहे.

सेतू केंद्र किंवा नेट कॅफेच्या सामाईक कॉम्प्युटरवर आम्ही लिब्रेवुल्फ सुचवू. बंद केला की कुकीज (वेबसाइट ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) पुसल्या जातात, त्यामुळे मागच्या गिऱ्हाइकाचं लॉगिन पुढच्याच्या हाती लागत नाही. त्यात डकडकगो सर्च असतं. तेही जाहिरातींवरच चालतं, पण त्याच्या सेटिंग्जमध्ये जाहिराती बंद करता येतात. गोम अशी की ही निवड कुकीतच साठते, म्हणून दुसऱ्या दिवशी जाहिराती पुन्हा हजर. त्यासाठी ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये कुकीजच्या ‘मॅनेज एक्सेप्शन्स’मध्ये डकडकगोचा पत्ता टाकून ‘अलाऊ’ करा.

फॉर्म भरताना दोन गोष्टी हमखास अडतात. पहिली, वेळ. ओळख लपवायला लिब्रेवुल्फ वेबसाइटला भारतीय वेळ सांगत नाही, साडेपाच तास मागची सांगतो. सकाळी १० चा स्लॉट पडद्यावर पहाटे ४:३० चा दिसू शकतो, म्हणून वेळ प्रवेशपत्राच्या पीडीएफवरूनच घ्या.

दुसरी, फोटो. काही साइट पासपोर्ट फोटो ब्राउझरमध्येच लहान करतात. त्यासाठी लागणारा ‘कॅनव्हास’ (पानावर चित्र काढण्याची ब्राउझरची सोय) लिब्रेवुल्फमध्ये अडवलेला असल्याने फोटोऐवजी रंगीत पट्ट्या किंवा ठिपके उमटतात. स्कॅनर खराब झाला म्हणून माणूस तासभर डोकं फोडत बसतो. वरच्या पट्टीत डावीकडे चित्राचं छोटं चिन्ह येतं. त्यावर क्लिक करून परवानगी द्या आणि फोटो पुन्हा चढवा. ‘सबमिट’ करण्याआधी प्रिव्ह्यू उघडून चेहरा दिसतोय ना, ते बघाच.

विंडोजवर लिब्रेवुल्फ आपणहून अपडेट होत नाही. इन्स्टॉल करतानाच अपडेटरची खूण करा. ती राहून गेली असेल तर दर महिन्याला नवी आवृत्ती हातानं टाका, कारण जुन्या ब्राउझरवर बँकेचं काम करणं जाहिरातीपेक्षा महागात पडतं.