मार्व्हलच्या 'सिव्हिल वॉर' कॉमिक्सवर मत मांडायचंय? आधी हे वाचा (गावाकडच्या नव्या वाचकांसाठी)

सरळ सांगतो, कॉमिक्सवर मतं लिहून पोट भरत नाही. मराठीत तर नाहीच नाही. एमपीएससीचा फॉर्म भरला असेल तर तो अभ्यास सोडून यात पडू नका. पण अभ्यासिकेतून निघाल्यावर टपरीवर "टोनी (आयर्न मॅन) बरोबर का कॅप (कॅप्टन अमेरिका) बरोबर" यावर तासभर भांडायची खुमखुमी असेल, आणि ते भांडण कागदावर उतरवून चार लोकांनी वाचावं असं वाटत असेल, तर या, बसा.

आमच्या इकडे बहुतेकांची सुरुवात राज कॉमिक्सवर झाली. विदर्भात हिंदी काही परकी नाही, स्टेशनच्या बुकस्टॉलवर नागराज मिळायचा, एक अंक अर्ध्या वर्गात फिरायचा (आणि सुरुवातीचा नागराज पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढलाय, हे मराठी पोरांनाच माहीत नसतं, याचा मला राग येतो). महानगरचा नागराज आणि राजनगरचा ध्रुव, हे दोन हिरो भेटायचे तेव्हा ती गोष्ट बहुतेक वेळा एखाद-दोन विशेषांकांतच असायची. ते मिळवले की गोष्ट पूर्ण. ही सवय घेऊन मार्व्हलच्या क्रॉसओव्हरमधे (एकच गोष्ट अनेक हिरोंच्या मालिकांत पसरलेली) शिरलं की फसगत ठरलेली.

'सिव्हिल वॉर' आली 2006-07 मधे. मुख्य मालिका 7 अंकांची, लेखक मार्क मिलर, चित्रं स्टीव्ह मॅक्निव्हनची. पण तीच गोष्ट त्या काळात स्पायडरमॅनच्या मालिकेत, न्यू अ‍ॅव्हेंजर्समधे, फ्रंट लाइनमधे, अजून कुठंकुठं चालू होती आणि प्रत्येकाचा लेखक वेगळा. आता माझा सगळा त्रास इथंच आहे म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तरी वाचा.

माझा एक मित्र, कट्टर कॅपवाला, म्हणजे नोंदणीच्या कायद्याविरुद्ध. मी टोनीच्या, म्हणजे कायद्याच्या बाजूचा. अमेरिकेतल्या स्टॅमफर्डला हिरो-खलनायकांच्या मारामारीत स्फोट होतो, शाळेजवळ, 600 च्या वर माणसं जातात, मग सरकारनं म्हटलं की शक्ती असलेल्यांनी नाव नोंदवा, ट्रेनिंग घ्या, तर त्यात चूक काय, असं माझं म्हणणं. तो म्हणायचा, "काऊन बे, रात्री बारा वाजता घरात घुसून माणसाला पकडून राहिले ते दिसत नाही का तुला?" मला खरंच दिसत नव्हतं, कारण ते मुख्य मालिकेत नाहीच! ल्यूक केज नावाचा हिरो घरी बसलेला आहे, काही केलेलं नाही, फक्त नोंदणी केली नाही, आणि कायदा लागू झाल्याबरोबर मध्यरात्री शील्डवाले (गोष्टीतली सरकारी हेरसंस्था) दारात. हे न्यू अ‍ॅव्हेंजर्सच्या 22 व्या अंकात आहे. तो ते वाचून बोलून राहिला होता आणि मी फक्त 7 अंक वाचून. आणि आम्ही दोघं एकमेकाला मूर्ख समजत होतो.

कापसाच्या भावावरून भांडणारे दोघं पाहिलेत ना, एकानं दिवाळीआधीच व्यापाऱ्याला घातलेला असतो, दुसऱ्यानं घरात ठेवून सीसीआयला (सरकारी खरेदीला) दिलेला, आणि दोघंही म्हणतात "यंदाचा भाव". तसंच हे.

पीटरचं, म्हणजे स्पायडरमॅनचं घ्या. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो कॅमेऱ्यांसमोर मास्क काढतो, टोनीच्या सांगण्यावरून. पाचव्यात टोनीशीच मारामारी करून पळतो. फक्त मुख्य मालिका वाचणारा म्हणतो, ही काय फालतूगिरी, कारणच दिलं नाही, लेखन कच्चं. स्पायडरमॅनच्या मालिकेत मात्र टोनी त्याला निगेटिव्ह झोनमधला (दुसऱ्याच मितीतला) नोंदणी न करणाऱ्यांचा तुरुंग दाखवतो, तिथं पीटर आतून हलतो, ते सगळं त्या मालिकेचा लेखक स्ट्रॅझिन्स्कीनं सविस्तर लिहिलंय. मग मत कोणाचं खरं? दोघांचंही, आपापल्या वाचनापुरतं. आणि कायद्यात नेमकं काय आहे हेसुद्धा मालिकेगणिक बदलतं, एका ठिकाणी तो नुसता लायसन्ससारखा वाटतो आणि दुसऱ्या ठिकाणी थेट जबरदस्तीची भरती. हा दोष मात्र कंपनीचाच, वाचकाचा नाही.

म्हणून कोणाचंही मत ऐकलं की पहिला प्रश्न, भाऊ तू वाचलं काय काय? "सिनेमा पाहिला" असं उत्तर आलं तर चहा प्या आणि विषय बदला. 2016 च्या सिनेमात स्टॅमफर्ड नाही, पीटरचं जगासमोर मास्क काढणं नाही, कायद्याच्या जागी सोकोव्हिया करार (हिरोंवर ताबा ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) आहे. सिनेमा चांगला आहे, पण तो वेगळा आहे. आणि तुम्ही स्वतः लिहाल तेव्हा वरच लिहून टाका की मी हे हे अंक वाचले, हे नाही वाचले. लाज वाटते, मला अजूनही वाटते, तरी लिहा.

दहा मिनिटांत गोष्ट समजावून सांगणारे व्हिडिओ पाहून मत देणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, बोललो तर भांडण होईल. त्याहून वाईट म्हणजे सीनियर लोक, जे नव्या पोराच्या हातात शंभर अंकांची यादी देतात आणि म्हणतात हे वाचल्याशिवाय तोंड उघडू नको. अशा गुरूपासून लांब राहा. 7 अंक, त्यासोबत 'अमेझिंग स्पायडरमॅन'चे 532 ते 538, आणि नंतर कॅप्टन अमेरिकाचा 25 वा, एवढ्यावर मत मांडता येतं. 25 वा सोडू नका. सातव्या अंकात फायर ब्रिगेडवाले, पोलीस असे साधे लोक कॅपला धरतात, तो आजूबाजूची नासधूस पाहतो आणि स्वतः हातकड्या घालून घेतो. तिथंच थांबलात तर तुम्हाला वाटेल टोनी जिंकला. कोर्टाच्या पायऱ्यांवर काय होतं ते 25 व्यात आहे.

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच असते. मराठी मिडियमवाल्याला खरा त्रास शब्दांचा नसतोच, सगळं कॅपिटल अक्षरात असतं त्याचा असतो, डोळा अडकतो. आधी नुसती चित्रं पाहत अंक संपवा, मग पहिल्यापासून संवादांचे फुगे वाचा. हळूहळू जमतं, खरंच जमतं, मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर लाइट गेलेली असतानाही जमलंय.

लिहिताना एक भेद पाळा. टोनीनं बुल्सआय आणि व्हेनमसारख्या खुन्यांना हाताशी धरलं ते पात्र म्हणून चुकलं, का लेखकानं त्याला तसं वागवलं ते चुकलं? या दोन गोष्टी एका वाक्यात कोंबू नका. आमच्यातले निम्मे लोक अजून कोंबतात.

डीसी या दुसऱ्या कंपनीच्या 'क्रायसिस'नं सुरुवात करू नका, 12 अंक आहेत आणि पात्रांची जत्रा. त्याऐवजी मार्व्हलचीच 2005 ची 'हाऊस ऑफ एम', 8 अंकांची, 'सिव्हिल वॉर'च्या आधीची. तूर निघाली की मी तीच पुन्हा काढणार आहे, यावेळी टाय-इनसकट, म्हणजे त्या गोष्टीला जोडलेल्या बाकीच्या मालिकांच्या अंकांसकट.