पैसे भरून घेतलेली सीट ऐनवेळी बदलली तर

विमानात खिडकीची १२ए पैसे भरून घेतली आणि गेटवर हातात २७ई, मधली. एअरलाइनने विमान बदललं की सीट मॅप बदलू शकतो आणि आपली सीट गुपचूप हलू शकते, मेसेज येईलच असं नाही.

१. सीट घेतली की नंबर आणि भरलेली रक्कम दोन्ही दिसतील असा स्क्रीनशॉट लगेच काढा.
२. नंतर अधूनमधून, आदल्या दिवशी तर नक्कीच, ॲपमध्ये पीएनआर टाकून सीट बघा, हललेली असेल तर तेव्हाच दुसरी निवडा कारण तेव्हा चांगल्या सीट शिल्लक असतात.
३. गेटवर कळलं तर बोर्डिंग सुरू व्हायच्या आधीच काउंटरला सांगा, आणि जुना स्क्रीनशॉट, नवा बोर्डिंग पास जोडून सीटच्या पैशांचा रिफंड लेखी मागा.

फक्त एअरलाइनने सीट हलवलेली नसताना स्वतःहून बदलू नका, मग रिफंड अडकू शकतो.