घर विकायला काढताय? निदान या चुका तरी टाळा

पुण्यात पौड रस्त्याजवळच्या आमच्या सोसायटीचा मी चौदा वर्षं सेक्रेटरी आहे. घर विकायला काढलेला माणूस आधी दलालाकडे जातो, मग मुहूर्त बघतो, आणि सगळं फिसकटायला लागलं की एनओसीचा अर्ज घेऊन माझ्याकडे येतो. पहिला प्रश्न ठरलेला: "आत्ता भाव कसाय?" माझ्या यादीत हा प्रश्न चौथा किंवा पाचवा आहे. आधी कागद, मग पुढे राहायला कुठे जाणार, मग कर. भावाचं नंतर बघू.

मेट्रो येऊ दे, मग बघू

ही चूक बघून बघून मी थकलोय.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचे गुडघे गेले होते, इमारतीला लिफ्ट नाही, आणि मुलगी बावधनला. तिच्याजवळ लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचं ठरलं. गिऱ्हाईक दारात आलं, भावही बरा होता. पण डिसेंबर २०१६ मध्ये मेट्रोचं भूमिपूजन झालं आणि काका मला म्हणाले, "थांबतो मी. गाडी सुरू झाली की पाच-दहा लाख असेच वाढतील."

वनाझ ते गरवारे गाडी धावली ६ मार्च २०२२ ला. मधली पाच वर्षं काका तीन जिने चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी एक निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन तिथे बसायचे, दम खायचे, मग उरलेला जिना. खुर्चीची अडचण होते अशी तक्रार आली, तेव्हा ती हलवायची चिठ्ठी मीच त्यांच्या दाराखालून सरकवली होती. आठवलं की आजही कसंतरी होतं.

भाव वाढला का? वाढला की. पण बावधनचा भाव काय झोपून राहिला होता? इकडे वाढलेलं तिकडे गेलं. शिवाय नवीन गिऱ्हाईक मेट्रोचं अंतर विचारायच्या आधी जिने मोजत होतं. एकाच शहरात एक घर विकून दुसरं घ्यायचं असेल, तर चढत्या बाजाराची वाट बघणं म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणं. बाजार बघून थांबायचंच असेल तर ते गावाला कायमचं परतणाऱ्याने किंवा दुसरं घर विकणाऱ्याने.

रिडेव्हलपमेंटचंही तेच. २०१९ पासून सभेत ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, तेव्हापासून लोकांना वाटतं की आता झालंच. बिल्डरबरोबरच्या करारावर सह्या होऊन तो नोंदला जात नाही, तोवर मी रिडेव्हलपमेंट शून्य धरतो. नोंदला गेल्यावरही अर्धीच धरतो.

नॉमिनी मीच आहे, मग काय!

हा शहाणपणा मी स्वतः केलाय. सेक्रेटरी असून.

वडिलांचा चिंचवडचा फ्लॅट. आई आधीच गेलेली, नॉमिनी मी, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलेलं. दसऱ्याला गिऱ्हाईक ठरलं, एक लाख विसार घेतला, पेढे वाटले. आठ दिवसांत त्यांच्या बँकेच्या वकिलाचा फोन: "बहिणीचं हक्कसोडपत्र कुठाय?" नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मी दुसऱ्यांना शंभरदा सांगितलंय. स्वतःच्या फाइलवर मात्र मला ते दिसलं नाही.

बहीण न्यू जर्सीला. तिने भारतीय वकिलातीची वेळ घेऊन माझ्या नावाचं मुखत्यारपत्र करून पाठवलं. असा कागद भारतात पोचला की तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक भरून घ्यावा लागतो. पाकीट आलं ऐन दिवाळीत. "नंतर बघू" म्हणून मी ते कपाटात, विजेच्या बिलांच्या खाली ठेवलं आणि विसरलो. सापडलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. गिऱ्हाईक बिचारं आणखी काही दिवस थांबलं, पण त्यांची कर्जमंजुरीही संपत आली होती. विसार परत केला.

पुढच्या हिवाळ्यात बहीण भाचीच्या लग्नाला आली, निबंधक कार्यालयात गेलो, अंगठा, फोटो, सह्या. अर्धा तास! आता कोणी वारसाहक्काचं घर विकायचं म्हटलं की मी भाव विचारत नाही. परदेशातला भाऊ किंवा बहीण कधी येतेय, ते विचारतो. विकायची तारीख तिच्या तिकिटावर ठरते.

माझी सवय सांगतो. जाहिरात टाकण्याआधी सगळी फाइल जेवणाच्या टेबलावर पसरतो: पहिल्यापासूनचे सगळे करार, इंडेक्स दोन (नोंदणीचा उतारा), भोगवटा पत्र (इमारत वापरायचा पालिकेचा दाखला), शेअर सर्टिफिकेट, कराची पावती. एक कागद कमी असेल तर घर अजून विकाऊ नाही. "होईल हो नंतर" म्हणणाऱ्या दलालाला मी चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

चोविसाव्या महिन्याआधी घाई

घेऊन २४ महिने पूर्ण व्हायच्या आत विकलंत तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि तुमच्या स्लॅबने कर लागतो, म्हणजे वरच्या स्लॅबला ३० टक्के. नंतर विकलंत तर साडेबारा. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल, तर महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांनी हिशोब करायचीही मुभा आहे; जो कर कमी तो भरायचा. सीएला दोन्ही आकडे मांडायला लावा. दसऱ्याचा मुहूर्त हुकला तर पाडवा आहे. इथे चार आठवड्यांसाठी लाखांचा फटका बसलेला माणूस मी बघितलाय.

आधी विकू, मग शोधू

नफा दुसऱ्या घरात घातला तर करात सूट मिळते, पण जुनं घर विकल्यापासून दोन वर्षांत तयार घर घ्यावं लागतं, बांधायचं असेल तर तीन. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे लागले नाहीत, तर ते बँकेत कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. लोक ते साध्या मुदतठेवीत टाकतात आणि मग रडतात. विक्रीची बोलणी सुरू व्हायच्या आधी पुढच्या घराचा निदान परिसर तरी ठरलेला हवा.

पावसात घर दाखवायचं नाही

उलट मी म्हणतो, पावसातच दाखवा. मे महिन्यात रंग मारून ओल झाकलेली भिंत जुलैमध्ये फुगते, आणि तोवर तुमचं गिऱ्हाईक तुमच्या शेजाऱ्यांचं शेजारी झालेलं असतं. फोन मलाच येतात.

बाकीच्या, पटापट

पितृपक्षात विसार देणारा सहसा मिळत नाही. तुमचा विश्वास असो-नसो, ते पंधरा दिवस कागदांना द्या. शाळकरी मुलांचं कुटुंब जूनच्या आत राहायला यायचं बघतं, त्यामुळे तसं गिऱ्हाईक जानेवारी-फेब्रुवारीतच शोधायला लागतं. भाडेकरूचा करार आणि त्यातला लॉक-इन (ठरावीक काळ घर रिकामं करून न मागण्याची अट) वाचल्याशिवाय ताब्याची तारीख कबूल करू नका. पाच दलालांना पाच भाव सांगू नका, संध्याकाळपर्यंत पाचही भाव सगळ्यांना कळतात. कर्ज चालू असेल तर बाकी रकमेचं आणि बँकेकडच्या मूळ कागदांच्या यादीचं पत्र आधीच मागवून ठेवा.

आणि सोसायटीचा अर्ज साठेखताच्या (विक्रीच्या कराराच्या) आदल्या रात्री आणू नका. ट्रान्सफर फी महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर "स्वेच्छेची देणगी" कोणी मागितली तर लेखी मागा, बहुतेक वेळा ती स्वेच्छा तिथेच विरते. थकबाकी असेल तर ती आधी भरा. मी रविवारी दहा ते अकरा खाली ऑफिसात असतो. शिक्का माझ्याकडे आहे, पण अध्यक्षांची सही लागते, आणि ते मे महिनाभर कोकणात असतात.