युरोपात सायकलवर निघताय? या चुका टाळा

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या काळात, ऱ्हाईनच्या काठाने सायकल हाकताना नेदरलँड्स संपून जर्मनी कधी सुरू झाली ते कळतही नव्हतं. फाटक नाही, पोलीस नाही, फार तर निळ्या पाटीवर बारा चांदण्या. इथेच बहुतेक जण फसायचे. अडवायला कुणी नाही म्हणजे नियमही नाही, असा सोयीचा अर्थ लावून मोकळे व्हायचे. तपासणी सीमेवर झाली नाही तरी मागाहून रस्त्यात, हॉटेलात, गाडीत होऊ शकत होती. खालचे कोविडचे सगळे नियम ऑगस्ट २०२१ च्या मध्यावरचे आहेत, ते आता लागू नाहीत. निघण्याआधी चालू नियम तपासा.

किलोमीटर मोजता, तास मोजत नाही

प्रवेशासाठी तेव्हा कोविडची पीसीआर टेस्ट साधारण ७२ तास चालायची, अँटिजेन ४८. हे तास रिपोर्ट हातात पडल्यापासून नव्हे, नाकात काडी गेल्यापासून धरायचे. पीसीआरचा रिपोर्ट यायला एक दिवस गेला की उरले दोन. सामानासकट दिवसाला सत्तर किमी धरले तर तुमची पीसीआर म्हणजे १४० किमी. विमानवाल्यांसाठी केलेला नियम सायकलवाल्याला असा आखूड पडायचा.

डॅन्यूबचा रस्ता घ्या. रेगेन्सबुर्गला सकाळी अँटिजेन करून निघालात, श्ट्राउबिंग, डेगेनडॉर्फ करत तिसऱ्या दिवशी पासाउ गाठलंत, की ऑस्ट्रियाच्या तोंडावर कागद रद्दी. टेस्ट निघताना करायचीच नव्हती. सीमेआधीच्या शेवटच्या मोठ्या गावात, मुक्कामाच्या संध्याकाळी करायची होती. जर्मनीत राहणाऱ्यांना अँटिजेन ११ ऑक्टोबर २०२१ पर्यंत फुकट होती, तेव्हा पैसे वाचवायचा बहाणाही चालणारा नव्हता.

आता महागातली चूक. जर्मनी शुक्रवारी कोविडच्या जोखमीच्या देशांची नवी यादी काढायची आणि ती दोन-चार दिवसांत लागू व्हायची. २३ जुलैच्या शुक्रवारी नेदरलँड्स आणि स्पेन वरच्या जोखमीच्या गटात गेले, अंमल मंगळवार, २७ जुलैपासून. आता अशी जोडी डोळ्यांसमोर आणा: गुरुवारी नियम बघितले, सगळं ठीक. शनिवारी नेदरलँड्समधल्या हुक व्हान हॉलंडहून निघाले, पवनचक्क्यांचे फोटो काढत रोज पन्नास किमी, आणि मंगळवारी दुपारी जर्मनीतल्या एमरिखच्या अलीकडे सीमा ओलांडली. ज्याचे दोन्ही डोस होऊन चौदा दिवस झालेत त्याने ऑनलाइन नोंदणी करून प्रमाणपत्र चढवलं की सुटला. ज्याचा दुसरा डोस बाकी, तो दहा दिवस घरात, आणि लवकरात लवकर सुटका पाचव्या दिवसानंतरच्या टेस्टवर. तोच सोमवारी संध्याकाळी पलीकडे गेला असता तर साध्या टेस्टवर भागलं असतं, कारण प्रवेशाच्या क्षणी तो देश कोणत्या गटात आहे तेच धरायचे. एका दिवसाच्या पन्नास किमीची ही किंमत.

म्हणून तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी सायकल स्टँडवर लावली की आधी रॉबर्ट कोख इन्स्टिट्यूट या जर्मन सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेची यादी बघायची, बिअर मग. व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता बघायचा नाही. तो कुणीतरी जूनमध्ये केलेला असायचा. शिवाय १ ऑगस्ट २०२१ पासून जर्मनीत कुठल्याही मार्गाने, सायकलनेसुद्धा, येणाऱ्या बारा वर्षांवरच्या प्रत्येकाकडे लस, टेस्ट किंवा बरं झाल्याचा पुरावा लागायचा.

कोविशील्ड घेतलीय, म्हणजे युरोपभर चालेल

नाही. युरोपीय औषध संस्थेच्या यादीत तेव्हा ॲस्ट्राझेनेकाची वॅक्सझेव्हरिया होती, पुण्यात बनलेली कोविशील्ड नव्हती. सूत्र एकच असलं तरी मान्यता ज्या-त्या देशाने आपापली द्यायची. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड मानत होते, फ्रान्स जुलै २०२१ च्या मध्यापासून मानायला लागलं. रस्ता चार देशांतून जात असेल तर चारही देशांचं वेगवेगळं बघावं लागायचं. दुसरी अडचण अशी की भारतातल्या कोविन प्रमाणपत्राचा क्यूआर युरोपातल्या तपासणीच्या ॲपला वाचताच येत नव्हता. त्यामुळे फ्रान्समधल्या कॅफेत वेटरशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, तो बिचारा फक्त हिरवं की लाल एवढंच बघायचा. तिथे बाहेरून आलेल्यांना अर्ज करून फ्रेंच आरोग्य पास काढता यायचा, तो निघायच्या आधी काढणं बरं होतं. प्रमाणपत्राला पासपोर्ट क्रमांक जोडून घेणं, आणि चौऱ्याऐंशी दिवसांचं अंतर धरून दुसरा डोस कधी पडतो ते बघूनच तिकीट काढणं बरं होतं. ऑस्ट्रियात पहिल्या डोसवर बाविसाव्या दिवसापासून मिळणारी सवलत १५ ऑगस्ट २०२१ ला संपली.

बफ म्हणजे मास्क नव्हे

गळ्यातला बफ, म्हणजे कापडी गळपट्टा, नाकावर ओढून रेल्वेगाडीत चढणारे सायकलवाले तेव्हा दर स्टेशनवर दिसायचे. जर्मन गाड्यांत वैद्यकीय मास्क लागायचा, बायर्न राज्यात त्याहून कडक एफएफपी२ मास्क. घामाने ओला झालेला एफएफपी२ कामाचा राहत नाही, म्हणून रोज एक या हिशोबाने घ्यायचे, झिपच्या पिशवीत घालून हँडलबारच्या बॅगेत ठेवायचे. पॅनियरच्या, म्हणजे चाकाशेजारी टांगलेल्या पिशवीच्या, तळाशी ठेवले तर गाडी सुटेपर्यंत सापडायचे नाहीत.

'थकलो तर ट्रेनने जाऊ'

ही योजना नव्हे, नवस आहे. २०२१ मध्ये विमान टाळणारे सगळे सायकल घेऊन रेल्वेत होते. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या आयसी आणि सायकल घेणाऱ्या आयसीई गाड्यांत सायकलची जागा आगाऊ राखावी लागते, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ती आधीच संपलेली असते. प्रादेशिक गाडीत राखीव भानगड नाही, सायकलचं तिकीट काढा आणि जागा असेल तर चढा. पण डबा भरला तर कंडक्टर उतरवतो, आणि व्हीलचेअर किंवा बाबागाडी आली तर जागा त्यांची. उपाय कंटाळवाणा आहे: मंगळवार-बुधवार, सकाळी दहानंतर, गाडी सुटते त्याच स्टेशनवरून, दोघे असाल तर दोघेच. सहा जणांचा घोळका एका दारातून चढवू बघणाऱ्यांबद्दल सहानुभूती नाही. पॅनियर आधी काढून हातात घ्या. सायकलसकट वर ढकलताना रॅकचा बोल्ट तुटतो आणि मग सगळा डबा तुमच्याकडे बघतो.

फ्रान्समध्ये ९ ऑगस्ट २०२१ पासून लांब पल्ल्याच्या टीजीव्ही आणि अँतेरसिते गाड्यांना आरोग्य पास लागायचा, प्रादेशिक टीईआरला नाही. इटलीत ६ ऑगस्ट २०२१ पासून रेस्टॉरंटच्या आत टेबलावर बसायचं तर तसाच ग्रीन पास लागायचा, काउंटरवर उभ्याने एस्प्रेसो घ्यायला नाही.

सुटे भाग तिथे मिळतील

२०२० पासून सगळं जग सायकल घेत होतं आणि २०२१ मध्ये चेन, कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), ब्रेक पॅड यांचा तुटवडा होता. वर्कशॉपमध्ये आठवड्यांनी नंबर लागायचा. घरीच चेन-गेज, म्हणजे चेनची झीज मोजायची पट्टी, लावून बघा. अकरा-बारा स्पीडला ०.५ टक्के, त्याखालच्या स्पीडना ०.७५ टक्के ताण दिसला की चेन बदला, नाहीतर वाटेत कॅसेटही जाईल. सोबत घ्या: दोन ट्यूब, चेनचे दोन क्विक लिंक, पॅडची एक जोडी, आणि मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, बोटभर लांबीचा. तो वाकला की सहल तिथेच थांबते. नवशिके मात्र तीनशे युरोचं जॅकेट घेतात आणि हँगरला 'नंतर बघू' म्हणतात.

उरलेल्या चुका

फोनच्या बॅटरीवर भरवसा ठेवू नका. तेव्हा लशीच्या प्रमाणपत्राची छापील प्रत प्लास्टिकमध्ये घालून पासपोर्टसोबत ठेवणं शहाणपणाचं होतं.

तंबूवाल्यांनी कॅम्पसाइटला आधी फोन करावा. कोविडची बंधनं कडक असताना कित्येक ठिकाणी स्वतःचं संडास-बाथरूम असलेल्या कॅम्पर गाड्यांनाच घेत होते. तंबूवाल्याला ते कुठून असणार?

बोडेनझे या जर्मन-स्विस सीमेवरच्या तळ्याला फेरी मारताना फोन गुपचूप स्विस नेटवर्क पकडतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या रोमिंग नियमात नाही, तेव्हा कॉन्स्टान्झच्या आधीच डेटा रोमिंग बंद करा आणि स्विस हद्दीतले नकाशे आधी उतरवून घ्या. जर्मनीतलं हेच कॉन्स्टान्झ आणि शेजारचं स्विस क्रॉइट्सलिंगेन यांच्या मध्ये २०२० च्या वसंतात कोविडमुळे कुंपण घातलं होतं. लोक जाळीतून हात धरायला लागल्यावर त्याच्यापुढे दुसरं उभं राहिलं. मे महिन्यात दोन्ही निघाली. त्यानंतर तिथून सायकल सरळ जायला लागली, फक्त खिशात फ्रँक असू द्या.